नवं ईआरपी आल्यावर संस्थेत नेमकं काय बदलतं, आणि गाडी कुठे रुतते

प्रश्न असा आहे: पंधरा-वीस वर्षं वापरलेली जुनी प्रणाली, तिच्याभोवती माजलेलं एक्सेल शीटांचं रान, आणि आता व्यवस्थापनाने नवं ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र सांभाळणारी प्रणाली, घ्यायचं ठरवलंय. सादरीकरणात ‘डिजिटल परिवर्तन’ हा शब्द पानोपानी आहे. यातून संस्था खरोखर बदलते का, बदलते तर कुठे, आणि इतके प्रकल्प मध्येच का रुततात?

आधी थोडक्यात. बदल होतो तो दोन ठिकाणी: माहिती कोण, कुठे आणि कधी भरतो, आणि त्या माहितीवरून निर्णय कोणाच्या हातात जातो. या दोन गोष्टी हलल्या नाहीत तर नवीन स्क्रीनवर जुनाच कारभार चालू राहतो, फक्त जास्त भाडं भरून. बाकी सगळं, म्हणजे क्लाउड की स्वतःचा सर्व्हर, कुठल्या कंपनीचं उत्पादन, मोबाइल अ‍ॅप किती देखणं, हे महत्त्वाचं आहे. पण त्यावर प्रकल्प सहसा बुडत नाहीत.

याचं जुनं आणि अजूनही सर्वांत स्वच्छ उदाहरण फोर्डचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डच्या उत्तर अमेरिकेतल्या कारभारात पुरवठादारांची बिलं चुकती करायलाच ५०० हून अधिक माणसं होती. संगणकीकरण करून हा आकडा ४०० वर आणू, असा बेत होता. मग त्यांनी माझदा या जपानी मोटार कंपनीकडे पाहिलं. तिथे हेच काम ५ जण करत होते. माझदा आकाराने लहान हे धरलं तरी हिशेब जुळेना. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात हे प्रकरण मांडलं. फोर्डमधला कारकून पीओ (खरेदीचा आदेश), माल आल्याची नोंद आणि बिल असे तीन कागद समोर ठेवून १४ बाबी जुळवत असे, आणि त्याचा बहुतेक दिवस न जुळलेल्या कागदांचा माग काढण्यात जाई. फोर्डने जुळवणी वेगवान केली नाही, बिलच काढून टाकलं. परचेसने पीओ सामाईक डेटाबेसमध्ये टाकायचा. माल उतरवून घेणाऱ्याने तिथल्या तिथे पडद्यावर पाहायचं: जुळला तर घ्यायचा, नाही जुळला तर गाडी परत. माल घेतल्याची नोंद झाली की पैसे ठरल्या दिवशी निघतात. जुळवायच्या बाबी उरल्या ३: सुट्या भागाचा क्रमांक, मोजमापाचं एकक आणि पुरवठादाराचा क्रमांक. विभागातली माणसं ७५ टक्क्यांनी कमी झाली.

यात लक्ष द्यायचं ते माणसं कमी होण्याकडे नाही. पैसे द्यायचे की नाही हा निर्णय अकाउंट्सच्या टेबलावरून माल उतरवण्याच्या फलाटावर गेला, तिथे पाहा. संगणक तर दोन्ही बेतांत होताच.

आजच्या ईआरपीत बिल शिल्लक आहे, पण यंत्रणा तीच. तिला थ्री-वे मॅच म्हणतात: पीओ, माल आल्याची नोंद आणि बिल यांची तिहेरी जुळवणी. एक व्यवहार जवळून पाहू. पीओ ५०० नगांचा, दर ४०. गाडी आली, स्टोअरने मोजले तर ४८० भरले, म्हणून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, ४८० चा झाला. पुरवठादाराचं बिल मात्र ५०० नगांचं, २०,००० चं. प्रणाली बिल नोंदवून घेते पण पेमेंट अडवते, कारण फरक ८०० चा, म्हणजे ४ टक्के, आणि समजा मर्यादा २ टक्क्यांची ठेवली आहे. इथपर्यंत सॉफ्टवेअरचं काम चोख झालं. आता उरलेले २० नग मागवायचे की क्रेडिट नोट (बिलातून तेवढी रक्कम वजा करणारा कागद) घ्यायची, हे ठरवणार कोण? हे प्रणाली सांगत नाही. परचेसला वाटतं अकाउंट्स बघेल, अकाउंट्सला वाटतं स्टोअरने मोजणीत चूक केली. तीन आठवड्यांत अशी चारशे बिलं साचतात, पुरवठादार फोन करकरून बेजार होतात आणि एक जण माल थांबवतो. मग कोणीतरी वरिष्ठ म्हणतो, ‘मर्यादा १० टक्के करा.’ एका दुपारीत सगळी बिलं सुटतात, महिनाअखेरचा हिशेब वेळेवर बंद होतो, सगळ्यांना हायसं वाटतं. ज्या नियंत्रणासाठी एवढा खर्च केला ते त्याच दुपारी संपलेलं असतं, आणि कुठल्याही अहवालात ते दिसत नाही.

म्हणून प्रत्येक अडवणुकीला धनी हवा, आणि तो गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी प्रणाली प्रत्यक्ष सुरू होण्याच्या, आधी ठरलेला हवा. नग कमी भरले तर परचेसमधला संबंधित खरेदीदार, दोन कामाच्या दिवसांत. दर वेगळा असेल तर तोच खरेदीदार, पण पीओ सुधारायला त्याच्या वरच्याची मंजुरी. जीआरएनच नसेल तर स्टोअरचा प्रमुख, त्याच दिवशी. विभागाचं नाव लिहून भागत नाही, पद लिहावं लागतं. हा तक्ता जेमतेम दीड पानाचा होतो आणि तो करताना होणारी भांडणं हाच परिवर्तनाचा खरा भाग असतो. ती भांडणं मीटिंगमध्ये झालेली बरी. नाही झाली तर ती अडकलेल्या बिलांवर होतात.

याच व्यवहाराची दुसरी बाजू स्टोअरकीपरची. जुन्या पद्धतीत तो दिवसभर माल उतरवायचा आणि संध्याकाळी रजिस्टर बघून नोंदी करायचा. कोणाचं काही अडत नव्हतं. नव्या पद्धतीत त्याच्या नोंदीवर तीन गोष्टी उभ्या राहतात: साठ्याचा आकडा, पुरवठादाराचे पैसे आणि उत्पादनाचं नियोजन. नोंद संध्याकाळी झाली तर दुपारी चाललेलं नियोजन तो माल नाहीच असं धरून नवा पीओ सुचवतं. जीआरएन म्हणजे वरातीमागून घोडं. त्याला प्रशिक्षणाचे दोन तास आणि पासवर्ड देऊन हे सुटत नाही. फलाटावर स्कॅनर लागतो, नेटवर्क तिथपर्यंत पोहोचावं लागतं, गर्दीच्या तासांना एक जास्तीचा माणूस लागतो आणि गाडी गेटवर आल्यापासून जीआरएन होईपर्यंतचा वेळ मोजावा लागतो. तो चार तासांच्या आत ठेवायचा, असं ठरवून सुरुवात करा. पुढे आणखी कमी करता येतो. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात या गोष्टी बहुधा नसतात, कारण ते अंदाजपत्रक सॉफ्टवेअर विकणाऱ्याने आणि आयटीने बसून केलेलं असतं.

हे नीट चाललंय की नाही हे पाहायला एकच खातं पुरतं: जीआर-आयआर, म्हणजे आलेला माल आणि आलेलं बिल यांची सांगड घालणारं खातं. माल आला की त्यात जमा पडते, बिल आलं की नावे पडते, दोन्ही झाले की शून्य. ६० दिवसांहून जुनी शिल्लक दर महिन्याला काढा. जमा बाजूची शिल्लक म्हणजे माल आला, बिल नाही. नावे बाजूची म्हणजे बिल नोंदलं, जीआरएन नाही. गो-लाइव्हनंतर पहिले दोन महिने ही शिल्लक फुगते, ते ठीक. चौथ्या महिन्यातही फुगतच असेल तर स्टोअर, परचेस आणि अकाउंट्स अजून जुन्याच पद्धतीने काम करताहेत, एवढं नक्की समजा, मग डॅशबोर्ड कितीही हिरवा असो.

आता मास्टर डेटा, म्हणजे आयटम, पुरवठादार, ग्राहक यांची पायाभूत माहिती. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे इथे अक्षरशः खरं आहे. एक बोल्ट घ्या. खरेदी किलोवर होते, साठा नगांत ठेवतात, साठ्यातून माल देणं खोक्यावर: एका खोक्यात १००. प्रणालीत त्याचं मूळ एकक एकच असतं आणि बाकीची त्याला गुणकाने बांधलेली असतात. मूळ एकक नग ठेवलं आणि ‘१ खोकं = १०० नग’ हा गुणक भरायचा राहिला, तर कोणी १० खोकी दिली की साठ्यातून १० नग वजा होतात. साठा कागदावर भरपूर, रॅकवर रिकामा. उलट चूक झाली तर साठा उणे जातो आणि मग उणे साठा चालू द्यायची सोय कोणीतरी उघडून ठेवतं. किलोचा गुणक तर आणखी फसवा, कारण वेगळ्या पुरवठादाराचा बोल्ट दोन-चार टक्के हलका-जड असतो. आणि मूळ एकक एकदा व्यवहार सुरू झाले की सहजासहजी बदलता येत नाही. बहुतेक प्रणालींत नवा आयटम कोड उघडून साठा तिकडे वळवावा लागतो. म्हणून एककं ही पहिल्या महिन्यात तपासायची गोष्ट आहे, शेवटच्या नव्हे.

ही चूक मोठ्यांनाही चुकत नाही. टार्गेट या अमेरिकी किरकोळ साखळीने २०१३ मध्ये कॅनडात दुकानं उघडली, १३३ पर्यंत नेली आणि जानेवारी २०१५ मध्ये माघार जाहीर केली. कारणं अनेक होती, पण नव्या प्रणालीत घाईने भरलेल्या हजारो वस्तूंच्या माहितीत इंच-सेंटिमीटरची गल्लत होती, लांबीच्या जागी रुंदी होती. त्यामुळे खोकी रॅकवर मावेनात आणि ट्रकचा हिशेब चुकला. गोदामं तुडुंब आणि दुकानांतल्या फळ्या रिकाम्या, असं दृश्य झालं.

सफाईचा क्रम असा ठेवा. आधी जुन्या प्रणालीतले आयटम, पुरवठादार आणि ग्राहक यांच्यापैकी गेल्या २४ महिन्यांत एकही व्यवहार न झालेले बाजूला काढा. यादी निम्म्यावर आली तरी आश्चर्य वाटायला नको. अपवाद दोन: वॉरंटीसाठी ठेवावे लागणारे सुटे भाग आणि ज्यांच्याकडून येणं-देणं बाकी आहे असे पक्ष. मग दुबार नोंदी. नाव जुळवून त्या सापडत नाहीत, कारण एकच पुरवठादार चार स्पेलिंगांनी बसलेला असतो. कर क्रमांक आणि बँक खातं जुळवा, लगेच सापडतात. त्यानंतर प्रत्येक रकान्याला मालक द्या. आयटमचं वर्णन आणि एकक स्टोअरचं, पुरवठ्याला लागणारे दिवस परचेसचे, किंमत पद्धत आणि खातं अकाउंट्सचं. ‘आयटम मास्टर आयटीकडे’ असं उत्तर आलं तर समजा मालक नाही. शेवटी चाचणी म्हणून डेटा चढवून पाहा, किमान तीनदा. पहिल्यांदा निम्म्या नोंदी नाकारल्या जातात, दुसऱ्यांदा आकडे जुळत नाहीत, तिसऱ्यांदा वेळ कळतो. दरवेळी एकूण नोंदी, एकूण नग आणि एकूण मूल्य हे तीन आकडे जुन्या-नव्यात जुळवून त्यावर विभागप्रमुखाची सही घ्या. तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्स शेवटच्या पैशापर्यंत जुळली पाहिजे. ‘थोडा फरक राउंडिंगचा आहे’ हे वाक्य ऐकलं की तिथे थांबा. त्या फरकात बहुधा एकमेकांना खाऊन टाकणाऱ्या दोन मोठ्या चुका दडलेल्या असतात.

कस्टमायझेशनवर, म्हणजे प्रणाली आपल्या पद्धतीप्रमाणे बदलून घेण्यावर, सगळ्यात जास्त वाद होतात, आणि दोन्ही बाजूंचं बरंचसं चुकतं. ‘आमची पद्धतच वेगळी आहे’ म्हणणारे आणि ‘स्टँडर्ड घ्या, तोच उत्तम’ म्हणणारे कन्सल्टंट. लिडल या जर्मन किरकोळ साखळीने २०११ मध्ये सॅप या कंपनीच्या ईआरपीवर जायचं काम हाती घेतलं आणि सुमारे ५० कोटी युरो खर्चून २०१८ मध्ये सोडून दिलं. तिथला ठळक पेच असा सांगितला गेला की लिडल साठ्याचं मूल्य खरेदी किमतीवर धरत असे, तर त्या प्रणालीची किरकोळ व्यवसायासाठीची नेहमीची पद्धत विक्री किमतीवर होती. आपली पद्धत ठेवायची म्हणून प्रणाली वाकवली गेली. ऐकायला हा किरकोळ फरक वाटतो. पण साठ्याचं मूल्य खरेदी, दुकान, नफ्याचा हिशेब, सवलत अशा प्रणालीच्या सगळ्या मॉड्यूलना, म्हणजे भागांना, स्पर्श करतं. एका जागी खिळा हलवला की छप्पर हलावं, तसं ते.

वेगळेपणाची मागणी आली की तीन प्रश्न विचारा. कायद्याने हे सक्तीचं आहे का? ग्राहक या वेगळेपणासाठी आपल्याकडे येतो का? हे नाही केलं तर कोणाचं काम थांबेल, की फक्त सवय मोडेल? पहिल्या दोहोंपैकी एकाला हो असेल तर कस्टमायझेशन करा आणि त्याला बिचकू नका. नाहीतर स्टँडर्ड. आणि केलंच तर मूळ कोडमध्ये हात घालण्यापेक्षा बाहेर, एपीआयवरून (प्रणालींनी एकमेकींशी बोलायच्या ठरलेल्या दुव्यावरून) जोडलेल्या छोट्या अ‍ॅपमध्ये करा. मूळ कोडमध्ये केलेला प्रत्येक बदल पुढच्या प्रत्येक अपग्रेडला पुन्हा तपासावा लागतो. सॅपने ईसीसी या आपल्या जुन्या ईआरपीचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर थांबवायचं जाहीर केल्यावर ज्या संस्थांची सर्वांत जास्त तारांबळ उडाली, त्या वीस वर्षं मूळ कोडमध्ये भर घालत बसलेल्या होत्या. त्यातला अर्धा कोड आता कोणी चालवत नाही. पण कुठला अर्धा, हे कोणाला माहीत नाही.

एक्सेल शीटांचंही असंच. त्यांना शत्रू मानून बंदी घातली की त्या जातात कुठे? पेनड्राइव्हवर आणि वैयक्तिक मेलवर. शीट का जन्मते ते आधी पाहा. बहुतेकदा प्रणालीत एखादी माहिती ठेवायला जागाच नसते. उदाहरणार्थ, पुरवठादाराने फोनवर दिलेली नवी तारीख. पीओवर मूळ तारीख असते, ती बदलली तर उशीर कोणाचा हे मोजता येत नाही. म्हणून खरेदीदार शीट ठेवतो. तो शहाणाच आहे. पीओच्या ओळीवर ‘कबूल केलेली तारीख’ असा दुसरा रकाना उघडून दिला, तो बहुतेक प्रणालींत असतोच, की शीट आपोआप मरते. तेव्हा गो-लाइव्हच्या चार महिने आधी प्रत्येक विभागातून शीट गोळा करा आणि प्रत्येकीसमोर लिहा: ही उघडून कोण कुठला निर्णय घेतं? उत्तर मिळालं तर ती माहिती प्रणालीत आणायची. ‘वर अहवाल पाठवायला’ असं उत्तर आलं तर वर जाऊन विचारा, तो अहवाल वाचतं कोण. बऱ्याच शीट तिथेच संपतात.

मंजुऱ्यांचं डिजिटायझेशन हा तर स्वतंत्र विनोद आहे. कागदावर सात सह्या होत्या म्हणून प्रणालीत सात टप्पे केले जातात. कागद असताना शिपाई फाइल घेऊन एका फेरीत चार सह्या आणायचा. आता सातही जण आपापल्या मोबाइलवर अर्जाला वाट बघायला लावतात, आणि पाचवा रजेवर असतो. उलट टोक असं की वरिष्ठ गाडीत बसल्या बसल्या दोन मिनिटांत साठ मंजुऱ्या देऊन टाकतो. साठापैकी एकही उघडलेली नसते. मंजुरी रकमेवर आणि अपवादावर बेता. पीओ दर कराराप्रमाणे, पुरवठादार मान्य, बजेट शिल्लक, असं असेल तर मंजुरी लागूच नये. यातलं एक जरी मोडलं तर एका माणसाकडे जावी, आणि काय मोडलंय ते त्याला पहिल्या ओळीत दिसावं. वरिष्ठांना हे अधिकार सोडल्यासारखं वाटतं. खरं तर ते तसंच आहे. गोड बोलून हे लपवू नये.

अधिकार देताना मात्र कडक राहा. नवीन पुरवठादार उघडणारा, त्याचं बँक खातं बदलणारा आणि त्याला पेमेंट सोडणारा हे तिघे वेगळे असलेच पाहिजेत. हे नियम पहिल्या दिवशी सगळीकडे लिहिलेले असतात आणि मोडतात ते एका वाक्याने: ‘अमक्यांना आहेत तेच अधिकार यांनाही द्या.’ बदली झालेल्या माणसाचे जुने अधिकार निघत नाहीत, नवे चढतात, आणि तीन बदल्यांनंतर एकच माणूस तिन्ही कामं करू शकतो. अधिकार माणसाला न देता पदाला द्या, बदली झाली की पद काढलं जावं, आणि दर तिमाहीला विभागप्रमुखाला त्याच्या माणसांची यादी पाठवून ‘हो-नाही’ भरून घ्या.

प्रणाली एकमेकींना जोडताना दोन गोष्टी हमखास चुकतात. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेतली माणसं एकमेकांशी जशी बोलतात तशीच त्यांनी केलेली प्रणाली घडते. विक्री आणि गोदाम यांचं पटत नसेल तर त्यांच्या प्रणालींमधला दुवाच सर्वांत कच्चा निघतो, कारण त्या दुव्याची कागदपत्रं लिहायला दोघांपैकी कोणी बसलेलं नसतं. दुसरी चूक तांत्रिक. वेबसाइटने ऑर्डर ईआरपीला पाठवली, उत्तर वेळेत आलं नाही, म्हणून तिने परत पाठवली. ईआरपीत मात्र पहिली पोहोचलेली होती. झाल्या दोन ऑर्डरी, निघाले दोन ट्रक. प्रत्येक संदेशाला पाठवणाऱ्याने एक न बदलणारा क्रमांक द्यायचा आणि घेणाऱ्याने तो आधी आलाय का ते पाहायचं, एवढाच उपाय. शिवाय रोज रात्री दोन्हीकडच्या ऑर्डरींची संख्या आणि एकूण रक्कम जुळवणारा एक साधा अहवाल. तो करायला एक दिवस लागतो, तरी तो सगळ्यात शेवटी आठवतो.

नवा कोड चढवण्याची शिस्त ढिली असेल तर काय होतं, यासाठी नाइट कॅपिटलचं प्रकरण पुरे. १ ऑगस्ट २०१२ रोजी या अमेरिकी शेअर दलालाच्या ८ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढायचा राहिला. त्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, आणि नव्या सुविधेसाठी जुनाच स्विच पुन्हा वापरला होता, त्यामुळे तिथे तो जुना कोडच चालू झाला. सुमारे ४५ मिनिटांत चुकीच्या सौद्यांचा पाऊस पडला आणि ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. मेलेला कोड काढून टाका, आणि चढवलेला कोड सगळीकडे एकच आहे हे माणसाने न बघता यंत्राने तपासावं.

कटओव्हर म्हणजे जुनी प्रणाली थांबवून नवी सुरू करण्याचे ते दोन-तीन दिवस. हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये एकाच वेळी तीन प्रणाली बदलल्या: ईआरपी, ग्राहक व्यवस्थापन आणि पुरवठा नियोजन. ४ वर्षांचं म्हणून सांगितलेलं काम अडीच वर्षांत बसवलं होतं. सुरुवात एप्रिलची ठरली होती, ती घसरत जुलैवर गेली, म्हणजे नेमकी हॅलोवीनच्या चॉकलेट ऑर्डरी सुरू होण्याच्या तोंडावर. १० कोटी डॉलरहून जास्त किमतीच्या ऑर्डरी वेळेत गेल्या नाहीत. माल नव्हता असं नाही. हंगामात जागा मिळेल तिथे माल ठेवायची पद्धत होती आणि त्या तात्पुरत्या जागा नव्या प्रणालीत नोंदलेल्याच नव्हत्या. माणसांना माल कुठे आहे ते ठाऊक होतं, प्रणालीला नव्हतं.

टीएसबी या ब्रिटिश बँकेचं उदाहरण वेगळं शिकवतं. एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहक एकदम नव्या प्रणालीवर गेले. डेटा बरोबर पोहोचला, पण प्रणालीला भार पेलेना आणि १९ लाखांच्या आसपास ग्राहक आपल्या खात्यांपासून बाहेर अडकले. दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती आणि भाराची चाचणी त्यातल्या एकावरच झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४.८६५ कोटी पौंड दंड केला.

तेव्हा तारीख हंगामाच्या आणि वर्षअखेरीच्या जवळ नको, आणि महिन्याची १ तारीख सोयीची, कारण हिशेब स्वच्छ तुटतो. योजना तासांत लिहा: शुक्रवारी संध्याकाळी ६ ला जुन्या प्रणालीत नोंदी बंद, ८ पर्यंत उघडे पीओ आणि येणं-देणं काढून घेणं, रात्री साठा मोजणी, शनिवारी दुपारपर्यंत डेटा चढवणं, संध्याकाळी जुळवणी, रविवारी सकाळी १० ला हो किंवा नाही. ‘नाही’ म्हणायचे निकष आधीच लिहिलेले हवेत आणि म्हणायचा अधिकार अशा माणसाला हवा ज्याचा बोनस त्या तारखेला बांधलेला नाही. परत फिरायला लागणारे तास मोजा. ते १२ असतील तर रविवारी रात्री १२ नंतर परत फिरता येत नाही, कारण सोमवारी दुपारी १२ पर्यंत तुम्ही कुठल्याच प्रणालीत नसाल. या सगळ्याची संपूर्ण रंगीत तालीम किमान एकदा, खऱ्या आकाराच्या डेटावर करा. नंतर मूळ चमू निदान दोन महिनाअखेरी होईपर्यंत जागेवर राहिला पाहिजे. चार आठवड्यांनी त्याला सोडलं तर त्याच्या वाट्याला जेमतेम पहिली महिनाअखेर येते, आणि ती सगळ्यांनी रात्री जागून कशीबशी ओढलेली असते. खरे घोटाळे दुसऱ्या वेळी वर येतात.

काम कसं चाललंय हे गो-लाइव्हनंतर पाहायला प्रोसेस मायनिंगचा, म्हणजे प्रणालीतल्या नोंदींवरून कामाचा खरा क्रम काढण्याच्या तंत्राचा, उपयोग होतो, आणि त्याला सुरुवातीला तीनच रकाने लागतात: व्यवहाराचा क्रमांक, काय केलं, आणि कधी. एवढ्यावरून पीओ बिलानंतर किती वेळा बनवला गेला हे दिसतं. तो आकडा सुरुवातीला सगळ्यांनाच लाजिरवाणा असतो. रोबो लावून पडद्यावरची कामं करून घेण्याबद्दल उत्साह बेताचाच ठेवा. एक बटण सरकलं की रोबो थांबतो, किंवा थांबत नाही आणि चुकीच्या रकान्यात भरत सुटतो, जे जास्त वाईट. बिलं वाचायला एआय आता पुष्कळ कामाला येतो, पण तो ‘१० खोकी’ अचूक वाचेल आणि तुमच्या मास्टरमध्ये खोक्याचा गुणक नसेल, तर बोल्ट पुन्हा तिथेच येऊन पडतो. वाचलेल्यातला रोज एक ठरावीक वाटा, सुरुवातीला १० टक्के, माणसाने मूळ बिलाशी पडताळावा.

राहता राहिली जुनी प्रणाली. ती ‘संदर्भासाठी’ चालू ठेवली आणि त्यात नोंदी करता येत असतील, तर सहा महिन्यांत कोणीतरी त्यातच काम करत असतं. गो-लाइव्हच्या दिवशी तिच्यातले नोंद करायचे सगळे अधिकार काढा, अगदी आयटी प्रमुखाचेही, आणि फक्त पाहण्याची सोय ठेवा. हिशेब तपासणीसाठी आणि कायद्याने जितकी वर्षं ठेवावी लागतात तितक्यांचा डेटा साध्या तक्त्यांत उतरवून घ्या. तो उघडून एखादा जुना व्यवहार पीओपासून पेमेंटपर्यंत पूर्ण सापडतो का हे अकाउंट्सच्याच माणसाकडून करून पाहा. मगच सर्व्हर बंद करायची तारीख लिहा आणि त्या तारखेसमोर एका माणसाचं नाव घाला.